गुन्हेगार ओळखण्याची विद्या

गेल्या वैशाखात एके दिवशी सायंकाळी आमच्या मंडळीतील एक मुलगी आपल्या आजीस घेऊन आमच्या घरी आली. बारावीची परीक्षा ती चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाली होती, आणि तिच्या हातात एका महाविद्यालयाचे माहितीपत्रक होते. गुन्हेशास्त्र व पोलीस व्यवस्था हे विषय घेऊन पदवी मिळवावी, पुढे स्पर्धा परीक्षा देऊन फौजदार व्हावे, असा तिचा मनोदय होता. अर्जासोबत चालचलणुकीचा दाखला लागतो, त्यावर आमची सही हवी, एवढ्यासाठी ती आली होती. आम्ही लेखणी हाती घेणार इतक्यात दाराशी बसलेली आजी म्हणाली, "पाळकसाहेब, माझ्या बापाची रोज हजेरी व्हायची. त्यानं कधी कुणाचा दाणा उचलला नाही. त्याचं नाव वहीत होतं, एवढाच त्याचा गुन्हा. आता माझी नात ती वही हातात धरणार का?"

नात खाली पाहू लागली. आम्हांसही चटकन उत्तर सुचले नाही. चार दिवसांनी या, असे सांगून आम्ही त्यांस निरोप दिला. ह्या चार दिवसांत मनात जे आले ते आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. कारण हा प्रश्न त्या एका घरचा नाही. अलीकडे पुष्कळ ठिकाणी हे विषय शिकवले जाऊ लागले आहेत, आणि आपल्या खेड्यापाड्यांतील हुशार मुलेमुली त्यांजकडे वळत आहेत. दुसऱ्याचा अपराध हाच आपल्या अभ्यासाचा विषय करावा, आणि त्यावरच आपली भाकरी मिळवावी, हे चांगले की वाईट? आणि चांगले असेल, तर कोणत्या अटीवर?

ही विद्या निरुपयोगी आहे असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. आपल्या खेड्यांतील रीत वाचकांस ठाऊक आहे. कोणाच्या कणगीतून धान्य गेले, कोणाच्या गोठ्यातून शेळी गेली, की दुसऱ्या दिवशी सर्वांची दृष्टी गावाबाहेरच्या एखाद्या पालाकडे वळते. पुरावा नसतो, साक्षीदार नसतो, तरी नाव मात्र ठरलेले असते. ज्यास चौकशीचे काम येत नाही, त्याच्या हाती दोनच साधने उरतात: एक संशय आणि दुसरे काठी. १८५५ साली मद्रास इलाख्यात सरकारने नेमलेल्या मंडळाने चौकशी केली, तेव्हा महसूल व पोलीस खात्यांतील नोकर लोकांस छळून पैसा व कबुली वसूल करतात, हे त्याच्या अहवालात नमूद झाले. पुढे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात असा नियम आला की, पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून धरू नये. आज तो कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला आहे, तरी हा नियम त्यातही कायम आहे.

आता ज्यास पायाचा ठसा जपता येतो, रक्ताचा डाग नीट उचलून प्रयोगशाळेकडे पाठवता येतो, भ्यालेल्या बाईची हकीकत धीराने लिहून घेता येते, त्यास काठीची गरज उरत नाही. ऑस्ट्रियातील हान्स ग्रोस नावाच्या न्यायाधिकाऱ्याने १८९३ साली तपासाच्या कामावर मोठा ग्रंथ लिहिला, त्याचे मर्म हेच होते. तो ग्रंथ १९०६ साली मद्रास येथे इंग्रजीत, हिंदुस्थानच्या कामास जुळवून, छापला गेला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत तर सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी गेलेच पाहिजे, असे ठरवून दिले आहे, आणि त्याच्या तयारीसाठी राज्यांस पाच वर्षांपर्यंत अवधी दिला आहे. म्हणजे शिकलेल्या माणसांची गरज खरी आहे. काठी टाकून भिंग हाती घेणारा फौजदार गावास मिळाला, तर ते गावाचे भाग्यच होय.

परंतु आजीचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. कारण तिच्या बापाचे नाव ज्या वहीत चढले, ती अडाण्यांनी लिहिलेली नव्हती. ती शिकलेल्यांनी लिहिलेली होती.

ह्या शास्त्राचा आरंभ कसा झाला हे पाहिले म्हणजे आमचे म्हणणे स्पष्ट होईल. इटलीत लोंब्रोसो नावाचे एक वैद्य होऊन गेले. एका मृत दरोडेखोराची कवटी तपासताना त्यांस तीत काही विशेष आढळले, आणि गुन्हेगार हा जन्मतःच निराळ्या घडणीचा माणूस असतो, जबडा, कान, कपाळ ह्यांवरून तो ओळखता येतो, असा सिद्धान्त त्यांनी बांधला. १८७६ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि युरोपभर त्याचा बोलबाला झाला. पुढे चार्ल्स गोरिंग नावाच्या इंग्रज वैद्याने सुमारे ३,००० कैद्यांची मापे घेऊन ती इतर लोकांच्या मापांशी ताडून पाहिली, आणि १९१३ साली जाहीर केले की, असा जन्मजात गुन्हेगाराचा कोणताही निराळा शरीरबांधा नाही. सिद्धान्त कोसळला. परंतु मधल्या सदतीस वर्षांत तो किती न्यायाधीशांच्या, किती तुरुंगाधिकाऱ्यांच्या मनात जाऊन बसला असेल, ह्याची गणती कोण करणार?

आपल्या देशात कवटीची गरजही पडली नाही. येथे जात तयार होती. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. आरंभी तो उत्तरेकडे लागू होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू करता येऊ लागला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, असे ह्या कायद्याच्या मुळाशी गृहीत धरलेले होते. ज्या जमातीवर सरकारी शिक्का बसला, तिच्यातील माणसांची नोंद होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परगावी जावयाचे तर परवाना काढावा लागे. त्यासाठी त्या माणसाने काही केलेले असणे आवश्यक नव्हते. १९०८ साली मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातील मायकेल केनेडी ह्यांनी इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवर एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात जमातवार वर्णने आहेत: अमुक लोक कोठून येतात, कसे दिसतात, काय बोलतात, कशी चोरी करतात. नव्या पोलीस अधिकाऱ्यास आपला मुलूख समजावा हा त्याचा हेतू. मेहनत खरी, निरीक्षण बारीक. परंतु ते पुस्तक वाचून जो अधिकारी खेड्यात जाई, त्यास समोरचा माणूस दिसण्यापूर्वीच पुस्तकातील पान दिसे.

येथे आम्हांस एक गोष्ट संकोच न धरता लिहिली पाहिजे, कारण ती आपल्याच घरची आहे. ह्या लोकांस तारेच्या कुंपणाआड वसवण्याचे काम सरकारने जागोजागी मिशनांच्या हाती दिले, आणि मिशनांनी ते पत्करले. मुक्तिफौजेने अनेक प्रांतांत अशा वसाहती चालवल्या. तिच्या एका पुढाऱ्याने तर गुन्हेगार बरा करण्याचे शास्त्र अशा अर्थाचे नाव बनवून त्यावर पुस्तक लिहिले. सोलापूरची सेटलमेंट काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या व्यवस्थेखाली होती. तेथे शाळा होत्या, औषधपाणी होते, गिरण्यांत कामधंदा मिळवून दिला जात होता. ज्यांनी हे केले ते दयाळू लोक होते, ह्यात आम्हांस शंका नाही. परंतु दया करणाऱ्याने प्रथम विचारावयाचा प्रश्न, हा माणूस कुंपणाच्या आत का आहे, हा पुरेशा मोठ्या आवाजात विचारला गेला नाही. आपण सुधारावयास निघालो, आणि ज्यास सुधारावयाचे तो बिघडलेला आहे हे सरकारच्या वहीवरून मान्य करून बसलो. अज्ञानाने केलेला अन्याय लवकर उघडा पडतो. दयेने व विद्येने केलेला अन्याय पिढ्यान् पिढ्या झाकून राहतो.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला आणि ह्या जमातींस विमुक्त हे नाव मिळाले. तथापि पाठोपाठ सराईत गुन्हेगारांसंबंधी कायदे राज्याराज्यांत आले, आणि वहीवरील नाव बदलले तरी आतील नावे फारशी बदलली नाहीत, असा ह्या लोकांचा अनुभव आहे. लक्ष्मण गायकवाड ह्यांचे १९८७ साली प्रसिद्ध झालेले 'उचल्या' हे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको. अगदी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयास तुरुंगांच्या नियमावलींतील जातिभेदाचे नियम रद्द करावे लागले, आणि विमुक्त जमातींच्या लोकांस केवळ जन्मावरून सराईत समजू नये, हे पुन्हा सांगावे लागले. कायदा जाऊन बहात्तर वर्षे लोटली होती.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. आजचे शास्त्र कवटी मोजत नाही, ते पुरावा मोजते. हे खरे आहे, आणि त्यात आपल्या लोकांचाही वाटा आहे. १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली, आणि ठशांच्या वर्गीकरणाची जी पद्धत पुढे हेन्री साहेबांच्या नावाने जगभर गेली, ती बसवण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस ह्या दोन हिंदी अंमलदारांचे श्रम होते. परंतु नवे साधन हाती आले म्हणून जुना दोष गेला असे होत नाही. दोन उदाहरणे देतो.

पॅरिसच्या पोलिसांत बर्तियाँ नावाचे एक गृहस्थ होते. शरीराच्या मापांवरून माणूस ओळखण्याची पद्धत त्यांनी काढली होती आणि त्यांची कीर्ती मोठी होती. १८९४ साली ड्रेफ्युस नावाच्या लष्करी अधिकाऱ्यावर फितुरीचा आरोप आला, तेव्हा एका पत्राचे अक्षर त्याचेच आहे अशी साक्ष बर्तियाँ ह्यांनी दिली. अक्षर तर सर्वस्वी जुळत नव्हते. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, आरोपीने आपले अक्षर मुद्दाम बदलून लिहिले आहे! म्हणजे जुळले तरी दोषी, न जुळले तरी दोषी. ड्रेफ्युस निर्दोष असल्याचा अखेरचा निकाल लागावयास १९०६ साल उजाडले. मधली कित्येक वर्षे त्याने समुद्रापलीकडच्या बेटावर कैदेत काढली.

दुसरे उदाहरण आपल्या काळातील आहे. मार्च २००४ मध्ये स्पेनमधील माद्रिद शहरी आगगाड्यांत बाँब फुटून फार माणसे मेली. तेथे सापडलेल्या एका ठशावरून अमेरिकेच्या मध्यवर्ती तपास खात्याने ओरेगन प्रांतातील एका वकिलास पकडले. एका मागून एक तज्ज्ञांनी ठसा त्याचाच आहे असे सांगितले. सुमारे दोन आठवडे तो कैदेत होता. इकडे स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे शोधून काढले, आणि अमेरिकेच्या खात्यास माफी मागावी लागली. त्या वकिलाने इस्लाम धर्म स्वीकारलेला होता. मूळ चूक त्यामुळे झाली नाही, तरी ती वेळीच पुन्हा न तपासण्यात ह्या गोष्टीचा हात असू शकेल, असे पुढील सरकारी चौकशीत म्हटले गेले.

ह्या दोन्ही ठिकाणी विद्येची उणीव नव्हती. उणीव होती ती, आपण चुकत असू, ह्या शंकेची. गुन्हेशास्त्र शिकणाऱ्याचा पहिला धडा, आमच्या मते, हाच असावा: ज्याच्या हाती दुसऱ्यास धरण्याची सत्ता आहे, त्याने इतर कोणाहीपेक्षा आधी स्वतःवर संशय घ्यावा.

येथे एका गैरसमजापासून वाचकांस सावध केले पाहिजे. स्वतःवर संशय घेणे म्हणजे गुन्ह्याकडे डोळेझाक करणे नव्हे. दारिद्र्यामुळे गुन्हा घडतो, संगतीने घडतो, व्यसनाने घडतो, हे सर्व शास्त्र शिकवते आणि ते खरे आहे. परंतु त्यावरून कोणीच दोषी नाही असा निष्कर्ष काढणारा, ज्याचे घर फुटले, ज्याची लेक नासवली गेली, त्यास काय सांगणार? गरिबी सोसून सचोटीने राहिलेल्या हजारोंचा तर तो अपमानच होय. कारण शोधावे, परंतु कृत्य हे कृत्यच आहे, आणि त्याचा जाब करणाऱ्यास द्यावा लागेल. फक्त तो जाब कृत्याचा असावा, जन्माचा नसावा.

शिवाय संशयाची दिशा चुकली तर केवढा अनर्थ होतो, ह्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील एका पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. आरोपी दोन पोलीस शिपाई होते. उच्च न्यायालयाने त्यांस शिक्षा दिली, परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, असे कारण दिले गेले. ठाण्याच्या चार भिंतींत वर्दीपुढे उभी असलेली एक अनाथ पोर प्रतिकार तो काय करणार, हा विचार मागे पडला. १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चार अध्यापकांनी न्यायालयास उघड पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. संशय तेथेही होता. परंतु तो दुबळ्यावर घेतला गेला. सत्तेने स्वतःवर घेतला नाही.

म्हणून ह्या अभ्यासास जाणाऱ्या तरुणांस आमच्या तीन सूचना आहेत. पहिली ही की, आपल्या शास्त्राच्या चुकांचा इतिहास त्यांनी शास्त्राइतकाच मन लावून वाचावा. कलमे पाठ होतात, परीक्षेपुरती राहतात. परंतु शिकलेला माणूस कसा चुकला हे एकदा मनावर ठसले म्हणजे ते जन्मभर उपयोगी पडते. दुसरी ही की, गुन्हेगार पुस्तकात पाहण्यापूर्वी माणूस म्हणून पाहावा. मुंबईस १९३६ साली ज्या समाजकार्याच्या शाळेचा आरंभ झाला आणि जी आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून प्रसिद्ध आहे, तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शर्ट हे मिशनरीच होते. नागपाड्याच्या वस्तीत काम करता करता त्यांस अशा शिक्षणाची गरज भासली. त्या संस्थेच्या गुन्हेशास्त्र विभागाने १९९० पासून 'प्रयास' नावाचे काम चालवले आहे, ज्यात कार्यकर्ते तुरुंगांत व पोलीस ठाण्यांत जाऊन कैद्यांस साहाय्य करतात. कुंपण राखण्यापेक्षा हे काम कितीतरी चांगले. तिसरी सूचना आकड्यांविषयी आहे. २०२२ सालच्या अखेरीस आपल्या देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा खटला अजून निकालात निघालेला नव्हता. म्हणजे दर चार कैद्यांमागे तिघे असे की, ज्यांस न्यायालयाने दोषी ठरवलेले नाही. ह्यांतील काही खरोखर दोषी असतील, काही नसतील. तोपर्यंत त्यांस गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही, आणि पदवी मिळाल्याने तो प्राप्त होत नाही.

चौथ्या दिवशी मुलगी व तिची आजी पुन्हा आल्या. आम्ही आजीस वरील गोष्टी सोप्या भाषेत सांगितल्या. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई सल्ला विचारावयास आले, तेव्हा त्याने त्यांस नोकरी सोडावयास सांगितले नाही; जुलूम, खोटा आरोप व पैशाचा लोभ सोडावयास सांगितले, ह्याचीही तिला आठवण दिली. आणि म्हटले, "आजी, वही तर कोणाच्या तरी हाती राहणारच. जिच्या घरी तिचे दुःख ठाऊक आहे, तिच्या हाती ती गेली तर काय वाईट?" तथापि आमच्या मनास हेही ठाऊक होते की, दुःख ठाऊक असणे पुरत नाही. वर्दी चढली म्हणजे माणूस आपल्याच माणसांस विसरतो, असेही आम्ही पाहिले आहे.

आजी बराच वेळ गप्प होती. मग आम्हांस काही न बोलता ती नातीकडे वळली आणि म्हणाली, "माझा बाप ठाण्यावर जायचा, तेव्हा दिवसभर भुईवर उकिडवा बसून राहायचा. तू तिथं बसलीस, आणि असा कुणी आला, तर त्याला बसायला खुर्ची देशील का?"

मुलीने लगेच होय म्हटले नाही. ती विचारात पडली, हे पाहून आम्हांस बरे वाटले. जी चटकन होय म्हणते तिच्याविषयी आम्हांस अधिक भीती वाटली असती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आजी, तू येऊन बघ."

आम्ही दाखल्यावर सही केली. पुढे महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला आहे. तेथील परीक्षा तर ती देईलच. परंतु आजीने विचारलेल्या प्रश्नाची परीक्षा तिला वर्दी चढल्यावर रोज द्यावी लागेल. ज्यांची मुले ह्या वाटेने निघाली आहेत त्या आईबापांस आमची एवढीच विनंती आहे की, सणावाराला मूल घरी आले म्हणजे त्यास गुण किती मिळाले हे विचारावे, आणि त्याबरोबर आजीचा हा प्रश्नही विचारावा.